रात्री उठणाऱ्यांसाठी दिवा: घरात मोशन सेन्सर कसा बसवावा

माझ्या आईचं वय ७८. रात्री दोन-तीनदा तिला उठावं लागतं. दिवा लावला तर आमची झोप मोडेल, म्हणून ती अंधारातच भिंत चाचपत बाथरूमपर्यंत जायची. दोन वर्षांपूर्वी पॅसेजमधल्या स्टुलाला पाय अडखळून ती पडली. हाड मोडलं नाही, पण कमरेचं दुखणं तीन महिने पुरलं. त्यानंतर मी मोशन सेन्सरच्या, म्हणजे हालचाल ओळखून दिवा आपोआप लावणाऱ्या यंत्राच्या मागे लागले. पहिल्या खेपेला सेन्सरच चुकीचा आणला, दुसऱ्या खेपेला जागा चुकली, तिसऱ्या खेपेला वायरी उलट्या जोडल्या गेल्या. आता चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तीन आणि संगमेश्वरजवळच्या सासरच्या घरी दोन सेन्सर व्यवस्थित चालतात. तुमचं काम एकाच खेपेत व्हावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

१. विकत घेण्याआधी घरातली ये-जा बघा

तीन-चार दिवस फक्त बघा. रात्री कोण उठतं, कुठल्या दारातून बाहेर येतं, कुठे वळतं, हात कशाला धरतं. आई पलंगावरून उतरल्यावर आधी कपाटाला हात टेकते, मग दारातून डावीकडे वळते. माझ्या मनात दिवा पॅसेजच्या मध्यावर होता. तिला तो दारातच हवा होता, कारण अंधारातली पहिली दोन पावलंच तिला अवघड जायची.

मग ठरवा की सेन्सर कुठे नको. जिथे माणूस जागेवर बसून राहतो किंवा टीव्ही बघत पडतो, तिथे हालचाल नसल्याने दिवा मध्येच विझतो आणि घरचे वैतागतात. हॉल आणि बेडरूमचा मुख्य दिवा साध्या बटणावरच ठेवा. पॅसेज, बाथरूम, जिना, माळा, अडगळीची खोली, पार्किंग, परसदार या सेन्सरच्या जागा.

वीजबिल कमी होईल म्हणून कोणी हे करत असेल, तर आधी साधा हिशोब करा. बाथरूमचा ९ वॅटचा एलईडी रोज तासभर उगाच जळत राहिला, तर महिन्याला ०.२७ युनिट जातं. सेन्सर स्वतः चोवीस तास जागा असतो. त्याला अर्धा वॅट लागत असेल, तर महिन्याला ०.३६ युनिट तोच खातो. म्हणजे एका बाथरूमपुरती बचत नाहीच. रात्रभर जळणाऱ्या दिव्यांचं गणित वेगळं, ते जिन्याच्या पायरीत सांगते. घरातल्या सेन्सरचा खरा उपयोग म्हणजे म्हाताऱ्या माणसाला, बाळंतिणीला किंवा पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्याला बटण शोधावं लागत नाही.

२. सेन्सरला काय दिसतं ते समजून घ्या

ही पायरी वगळू नका. माझ्या पहिल्या दोन्ही चुका इथल्याच होत्या.

बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो पीआयआर. पांढऱ्या, खवल्याखवल्यांच्या घुमटामागे उष्णता ओळखणारा एक छोटा भाग असतो. घुमटावरचे खवले म्हणजे भिंगं. ती खोलीचे पट्टे पाडतात, आणि गरम शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की आतल्या भागाला फरक जाणवतो. यातून चार गोष्टी निघतात:

आडवं चालणं त्याला चटकन दिसतं. सरळ त्याच्या दिशेने येणारा माणूस बराच काळ एकाच पट्ट्यात राहतो, म्हणून तो उशिरा दिसतो. मी पॅसेजच्या टोकाच्या भिंतीवर, आईच्या अगदी समोर येईल असा सेन्सर लावला होता. ती निम्मा पॅसेज ओलांडून आल्यावर दिवा लागायचा. तोच सेन्सर दाराच्या बाजूला, तिची वाट आडवी कापेल असा लावल्यावर पहिल्या पावलाला लागायला लागला.

काचेतून त्याला दिसत नाही. शॉवरच्या काचेमागे आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावरचा दिवा विझणारच.

न हललेला माणूस त्याच्यासाठी नाहीच.

आणि त्याला दिसतो तो शरीर आणि आजूबाजूच्या उष्णतेतला फरक. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात भिंतीच शरीराइतक्या तापतात, तेव्हा त्याचा पल्ला कमी होतो. तिकडे राहत असाल तर सेन्सर वाटेच्या जवळ लावा आणि चाचणी उन्हाळ्यात एकदा परत करा.

दुसरा प्रकार मायक्रोवेव्ह किंवा रडार सेन्सर. तो लहरी सोडतो आणि हलणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लहरींवरून हालचाल ओळखतो. उष्णतेशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे उन्हाळा बाधत नाही. पण लाकडी दार, प्लायवूड, पातळ भिंत यांतून तो पलीकडचंही बघतो. मी पहिल्या खेपेला आणला तो हाच. बाहेर शेजारी लिफ्टची वाट बघत उभे राहिले की आमच्या पॅसेजमध्ये उजेड! आपल्याकडे छताचा पंखा जवळपास वर्षभर फिरतो, आणि पंख्याची पाती त्याला माणसासारखीच वाटतात. पंखा असलेल्या खोलीत तो लावू नका.

तिसरा, हल्ली मिळू लागलेला एमएमवेव्ह. छातीची श्वासागणिक होणारी हालचालही त्याला कळते, म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसासाठी तो चांगला. पण पंखे आणि हलते पडदे त्याला समजावून द्यावे लागतात, मोबाइलवरून अंतराच्या सेटिंग करत बसावं लागतं. पहिलाच सेन्सर घेत असाल तर पीआयआर घ्या.

३. कुठल्या रूपातला घ्यायचा

घर भाड्याचं असेल किंवा वायरिंगला हात लावायचा नसेल, तर सेन्सर आत असलेला बल्ब घ्या. आपल्याकडचे होल्डर बहुतेक दोन पिनांचे, म्हणजे बी-२२ असतात. ऑनलाइन दिसणारे बरेच बल्ब आट्यांचे असतात, ते बसणार नाहीत. पीआयआर बल्बवर शेड चढवली की तो आंधळा होतो, हेही लक्षात ठेवा.

पलंगाखाली, कपाटात, देवघराच्या कोपऱ्यात सेन्सर असलेली, चार्जिंगची चुंबकी दिव्याची पट्टी पुरते. आईच्या पलंगाखाली मी तीच लावली आहे. तीन आठवड्यांनी चार्ज करावी लागते, म्हणून दोन घेतल्या आणि आलटून पालटून लावते.

कायमच्या कामासाठी वायरीचा, २३० व्होल्टवर चालणारा पीआयआर सेन्सर. छतावरचा ३६० अंशांत बघतो, भिंतीवरचा साधारण १८०. खोक्यावर दोन आकडे वाचा. पहिला लोडचा, म्हणजे सेन्सर किती वॅटचे दिवे झेलेल त्याचा. जुन्या पिवळ्या बल्बसाठी १२०० वॅट लिहिलेलं असतं, पण एलईडीसाठी बहुतेकदा ३०० किंवा त्याहून कमी. एलईडी लागताना क्षणभर जास्त प्रवाह खेचतो आणि त्याने आतल्या रिलेचे, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या भागाचे, संपर्क चिकटतात. मग दिवा विझतच नाही. दुसरा आकडा आयपीचा, म्हणजे धूळ-पाणी किती अडवलं जातं त्याचा: कोरड्या पॅसेजला आयपी २० चालेल, बाथरूमला आयपी ४४, उघड्यावर आयपी ६५.

दोन वायरींचे सेन्सर दुकानदार ‘न्यूट्रल लागत नाही, बटणाच्या जागी बसवा’ म्हणून देतात. त्यांना चालण्यापुरता प्रवाह दिव्यातूनच जात राहतो, म्हणून ५-७ वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद मिणमिणतो किंवा फडफडतो. न्यूट्रल मिळत असेल तर तीन वायरींचाच घ्या. ज्या बोर्डावर प्लग आहे, तिथे न्यूट्रल असतोच.

मोबाइलवरून चालणाऱ्या स्मार्ट सेन्सरांच्या मी विरोधात नाही. पण वाय-फाय बंद पडलं म्हणून आईला अंधारात चालावं लागणार असेल, तर ती व्यवस्था मला नको. रात्रीच्या वाटेवरचा सेन्सर इंटरनेटशिवाय चालला पाहिजे.

४. काय काय लागेल

सेन्सर आणि त्याचं माहितीपत्रक (ते फेकू नका, वायरींचे रंग त्यातच असतात).
३ ते ५ वॅटचा पिवळसर उजेडाचा एलईडी. ३००० केल्विन किंवा त्याखालचा. पांढरा भगभगीत दिवा डोळ्यांवर आला की परत झोप लागत नाही.
टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा पक्कड, पोर्सेलीनचा किंवा चांगल्या प्रतीचा कनेक्टर.
काळी इन्सुलेशन टेप. हिचं एक वेगळं काम पुढे येईल.
मेजर टेप आणि खडू.
पक्कं शिडीवजा स्टूल, आणि ते धरायला दुसरा माणूस.
सोसायटीच्या जिन्यात लावायचा असेल तर कमिटीची लेखी परवानगी.
लायसन्स असलेला वायरमन. २३० व्होल्टच्या कामाला तोच हवा. खालची माहिती तुम्ही त्याच्या जागी काम करावं म्हणून दिलेली नाही, त्याच्या शेजारी उभं राहून काम समजून घ्यावं म्हणून दिली आहे.

५. जागा नक्की करा

छतावरचा सेन्सर अडीच-तीन मीटर उंचीवर चांगला चालतो, म्हणजे आपल्या साध्या फ्लॅटचं छत. भिंतीवरचा दोन मीटरच्या आसपास. पॅसेजसाठी आणखी एक जागा मला फार आवडली: गुडघ्याखाली, जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर, आणि दिवाही तिथेच. उजेड फरशीवर पडतो, पाऊल दिसतं, पण झोपलेल्यांच्या तोंडावर काही येत नाही.

भोक पाडण्याआधी सेन्सर दोन दिवस टेपने तात्पुरता चिकटवून बघता आला तर बघा. चार्जिंगच्या पट्टीने ही चाचणी सोपी जाते. मी पट्टी सहा ठिकाणी चिकटवून आईला चालायला लावलं, आणि जिथे तिला उजेडासाठी थांबावं लागलं नाही तिथे खडूने खूण केली.

ह्या गोष्टी सेन्सरच्या नजरेत येऊ देऊ नका: गीझर आणि त्याची वाफ, एसीचा झोत, फ्रिजची मागची बाजू, ऊन येणारी खिडकी, वाळत घातलेले कपडे. आणि ज्या दिव्याला तो जोडला आहे तो दिवाही नको. दिव्याचा उजेड सेन्सरवर पडला तर त्याला दिवस उजाडल्यासारखं वाटतं, तो दिवा बंद करतो, अंधार झाला की परत लावतो. दिवा लुकलुकतोय म्हणून लोक सेन्सर परत करतात. दोघांत हातभर अंतर ठेवलं की काम होतं.

आता काळ्या टेपचं काम. पॅसेजला लागून स्वयंपाकघर असेल आणि तिथली प्रत्येक हालचाल नको असेल, तर घुमटाच्या त्या बाजूवर टेपची पट्टी लावा. तेवढे पट्टे झाकले जातात. मांजर असलेल्या घरात भिंतीवरच्या सेन्सरचा खालचा भाग झाकायचा.

६. वायरी जोडणे

इथे जो सापळा आहे तो अनुभवी वायरमनलाही फसवतो. सेन्सरमधून तीन वायरी येतात. बहुतेक सेन्सरांत तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, आणि लाल म्हणजे दिव्याकडे जाणारी. आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये मात्र पिढ्यान् पिढ्या लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग. सवयीने लालला लाल जोडली जाते. आमच्याकडे तेच झालं. सेन्सर मेलेला वाटला, बदलून आणला, तोही मेलेला! शेवटी माहितीपत्रक उघडलं तेव्हा कळलं. रंगाला रंग न जोडता अक्षराला अक्षर जोडा: एल फेजला, एन न्यूट्रलला, उरलेली तिसरी, जिच्यावर बाण, ए किंवा डॅशसह एल असतो, ती दिव्याला. दिव्याची दुसरी वायर थेट न्यूट्रलला.

क्रम असा:
मेन बोर्डावरची त्या भागाची एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारा खटका) पाडा. भिंतीवरचं नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं, आणि बंद बटणातही होल्डरवर फेज राहतो.
टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो हे बघा, मग कामाच्या वायरींवर लावा.
जोड कनेक्टरमध्येच करा. पिळून टेप गुंडाळलेला जोड बाथरूमच्या ओलीत टिकत नाही.
एमसीबी वर करा आणि मिनिटभर काही करू नका. सेन्सरला जागं व्हायला अर्धं ते एक मिनिट लागतं, त्या वेळात दिवा आपोआप लागेल आणि विझेल. वीज जाऊन आल्यावरही असंच होतं, तो बिघाड नाही.

जोडणी करतानाच वायरमनला सांगा की एक साधं बटण सेन्सरला समांतर द्या, म्हणजे फेजकडून थेट दिव्याकडे. पाहुणे आले, कोणी आजारी असलं की ते बटण दाबून दिवा कायम चालू ठेवता येतो. सेन्सर बिघडला तरी दिवा आपल्या हातात राहतो. नंतर हे करायचं तर परत भिंत फोडावी लागते.

बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा खटका) नसेल, तर सेन्सर राहू द्या, आधी ती बसवून घ्या.

७. तीन स्क्रू फिरवणे

टाइम (दिवा किती वेळ चालू राहील), लक्स (किती अंधार झाल्यावर लागेल) आणि सेन्स (किती लांबची हालचाल टिपेल) असे तीन छोटे स्क्रू असतात. काहींवर तिसरा नसतो.

आधी टाइम कमीत कमी आणि लक्स सूर्याच्या चित्राकडे पूर्ण फिरवा. मग दिवसा चाचणी करता येते. लक्स चंद्राकडे ठेवून दुपारी चाचणी केली तर दिवा लागणार नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक दुकानात परत जातात. घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला चालायला सांगा. आपण चालून बघितलेलं धरू नका.

सगळं जुळलं की संध्याकाळी, ज्या अंधारात दिवा लागावा असं वाटतं त्या वेळी लक्स हळूहळू सूर्याकडून चंद्राकडे आणा. चालल्यावर दिवा लागायचा बंद झाला की किंचित मागे घ्या आणि तिथेच सोडा. टाइम पॅसेजला दोन मिनिटं ठेवा, बाथरूमला दहा. दहा मिनिटं जास्त वाटतील, पण कमोडवर बसलेल्या वयस्क माणसाच्या डोक्यावरचा दिवा विझला तर ते घाईने उठतात, आणि पडतात ते तेव्हाच.

८. घरच्यांना विश्वासात घ्या

आईने आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद केला आहे. सेन्सर लागल्यावरही तिचा हात बटणाकडे जायचा, आणि बटण बंद झालं की सेन्सरही मरायचा. तिला मी ओरडले नाही. त्या बटणावर कोरी पट्टी बसवून घेतली आणि समांतरचं बटण वेगळ्या जागी घेतलं. तिच्याबरोबर दोन रात्री मीही उठले. अचानक उजेड पडला की ती दचकायची, म्हणून ९ वॅटचा दिवा काढून ३ वॅटचा लावला. तिसऱ्या रात्री ती एकटी जाऊन आली आणि मला उठवलं नाही.

९. गावचं घर, अंगण आणि परसू

संगमेश्वरच्या घरी संडास परसात, घरापासून पंधरा पावलांवर. तिथे आयपी ६५चा सेन्सर पागोळीखाली, पाऊस थेट लागणार नाही असा लावला. वरच्या आणि बाजूच्या कडांना सिलिकॉन भरलं, खालची कड मोकळी सोडली. आत साचलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते. मुंग्या वायरीच्या भोकातून आत घर करतात, म्हणून ते भोकही बुजवा. पाल घुमटावरून फिरली की दिवा लागतो, त्याला इलाज नाही.

केळीची पानं आणि माडाच्या झावळ्या नजरेत असतील तर वाऱ्याने दिवा लागत राहतो. सेन्सर थोडा खाली वळवा. सौर दिव्यांचा मोह होतो, पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊनच नसतं आणि तो दिवा नेमका पावसाळ्यात दगा देतो. त्यापेक्षा वीज गेली तरी दिवा लागावा म्हणून सेन्सरची लाइन इन्व्हर्टरवर घ्या.

एक गोष्ट मुलाबाळांना नीट समजावून सांगा. साप सेन्सरला दिसत नाही. त्याचं अंग आजूबाजूच्या जमिनीइतकंच गरम-थंड असतं. दिवा बंद होता म्हणजे वाटेवर काही नव्हतं असं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी आहेत, वितीएवढं फुरसं पाचोळ्यात दिसतही नाही. दिवा लागला तरी बॅटरी हातात आणि चप्पल पायात हवीच. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली किडे जमतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. गरजेपुरता लागणारा पिवळा दिवा त्या दृष्टीने बरा.

१०. सोसायटीचा जिना

इथे पैसे खरंच वाचतात. पाच मजल्यांवर ९ वॅटचे पाच दिवे बारा तास जळले तर महिन्याला १६ युनिटं. सेन्सर लावून प्रत्येक दिवा रात्रीत तासभर लागला, तर सेन्सरांच्या खाण्यासकट तीन-सव्वातीन.

एका लॅण्डिंगसाठी वरून आणि खालून येणारे दोघेही दिसावेत म्हणून कधी कधी दोन सेन्सर एका दिव्याला जोडतात. ते जोडता येतात, पण दोन्ही एकाच फेजवर हवेत. इमारतीत तीन फेज येतात आणि मजल्यागणिक फेज वेगळा असू शकतो. वेगवेगळ्या फेजवरच्या सेन्सरांचे आउटपुट एकत्र आले, तर दोघांत साधारण ४०० व्होल्ट येतात आणि दोन्ही रिले एकदम लागताच शॉर्ट होतं. वायरमनकडून दोन्हीकडचा फेज मीटर लावून तपासून घ्या, टेस्टरने हा फरक कळत नाही.

११. देखभाल

घुमट महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पुसा. स्वयंपाकघराजवळच्या सेन्सरवर फोडणीचा चिकटा बसतो, तिथे फडकं किंचित ओलं चालेल, फिनेल किंवा स्पिरिट नको. दिवाळीआधी आणि उन्हाळ्यात चालण्याची चाचणी एकदा परत करा.

घराला रंग देताना घुमटावर कागद चिकटवून ठेवा. रंगाचा एक हात फिरला तरी भिंगं आंधळी होतात, आणि खरवडून ती परत येत नाहीत. काम झालं की त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, तो कागद काढा.